चौतिसावं पान

नाटकाला सगळ्यांच्या आधी येणारा, सगळ्यांच्या नंतर जाणारा आणि मधल्या वेळात कुणालाही न दिसणारा माणूस म्हणजे प्रॉम्प्टर. नट अडखळला की प्रॉम्प्टर झोपला होता म्हणायचं, आणि नट नाही अडखळला तर टाळ्या नटाला. असल्या कामाला कोण मरायला पुढे येतं? पण सिंगापुरातल्या ‘रविवार मंडळी’ या हौशी नाटकवाल्यांना एकोणीस वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता. त्यांच्याकडे नीलिमा सबनीस होती.

खरं तर ती तिथे चहा करायला गेली होती. नवऱ्याचा, प्रबोधचा, एक मित्र नाटकात होता आणि तालमीला चहाची सोय नव्हती, म्हणून. एका रविवारी एक नट अडला. वाक्य काही केल्या आठवेना. संहिता कुणी सोफ्याखाली सारली होती, ती शोधायला सगळे वाकले, आणि स्वयंपाकघरातून गाळणं हातात घेतलेल्या नीलिमानं ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. पुढच्या रविवारी तिच्या हातात संहितेची फाइल आली. चहा कोण करतं यावर मंडळीत अजून वाद चालू आहेत.

आता ती अठ्ठावन्न वर्षांची आहे. बिशानला अकराव्या मजल्यावर घर, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत वीस वर्षं नोकरी, एक मुलगी शिकायला परदेशी. चारचौघींसारखं सगळं. वेगळं काय, तर तिचा कान.

प्रॉम्प्टिंग म्हणजे वाचून दाखवणं नव्हे, हे ती नव्या मंडळींना सांगायची. अख्खं वाक्य द्यायचं नाही. पहिले दोन शब्द, तेही विंगेच्या कापडाबाहेर जाऊ न देता. पण कधी द्यायचे? खरी गोम तिथे आहे. नट गप्प झाला म्हणजे विसरलाच असं नाही. कधी तो अभिनय करत असतो, आणि तेव्हा विंगेतून शब्द आला तर तो आयुष्यभर माफ करत नाही. म्हणून नीलिमानं प्रत्येकाच्या विसरण्याचा आवाज ओळखून ठेवला होता. दिग्दर्शक सौमित्र विसरला की घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करतो, त्याची टिकटिक येते. कादंबरीचं उलटं. वुडलँड्सला तीन मुलींबरोबर भाड्यानं राहणारी, पुण्याहून नोकरीला आलेली ही पोरगी हातवारे केल्याशिवाय बोलू शकत नाही, आणि टी-शर्टवरसुद्धा काचेच्या बांगड्या घालते. तिच्या बांगड्या गप्प झाल्या की समजायचं, गाडी अडली.

या सगळ्यात नीलिमाची नजर कायम कागदावर. रंगमंचाकडे मान वर करून बघणं म्हणजे ओळ हरवणं. “एकोणीस नाटकं केलीस,” प्रबोध चिडवायचा, “आणि पाहिलं एकही नाहीस.”

आणि मग डोळ्यांनी दगा दिला.

लहानपणापासून तिला उणे नंबराचा जाडजूड चष्मा. शाळेत पोरं सोडावॉटर म्हणायची. त्याचं तिला काही वाटेनासं झालं होतं. पण दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरातल्या फरशीची सरळ रेघ मधेच वाकलेली दिसायला लागली. मग अक्षरं जायला लागली. ज्या शब्दाकडे बघावं तोच नाहीसा व्हायचा. आजूबाजूचे आपापल्या जागी, आणि मधोमध बोट फिरवून पुसल्यासारखा करडा डाग. डॉक्टरांनी सांगितलं, दृष्टिपटलाचा मधला भाग झिजलाय. हे नंबर वाढवून जायचं नाही आणि शस्त्रक्रियेनंही परतायचं नाही. पण उरलेली नजर कशी वापरायची ते शिकवणारी माणसं आहेत, म्हणून त्यांनी लो व्हिजन क्लिनिकची चिठ्ठी दिली. नीलिमानं ती घडी घालून पोळ्यांच्या डब्याखाली ठेवली आणि बँकेत राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाली, “कंटाळा आला.”

अर्धवट दिसण्याची पंचाईत अशी की ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही. हातात काठी नाही, डोळ्यांवर काळा चष्मा नाही. बाई तुरुतुरु चालतेय, एस्कलेटरवर चढतेय, मेथीची जुडी वासावरून निवडतेय. कुणाला काय कळणार? फक्त समोरच्याचा चेहरा तेवढा तिला दिसत नव्हता. बिशानच्या लिफ्टमध्ये शेजारीण हसायची आणि ही भिंतीसारखी उभी. मंडळाच्या हळदीकुंकवात कुणीतरी म्हणालंच, नीलिमाताई हल्ली फार भाव खातात. तिच्या कानावर ते आलं. कान चांगलेच होते.

तरी तिनं कुणाला सांगितलं नाही, आणि त्याचं कारण अगदी साधं होतं. सांगितलं तर फाइल जाईल. न वाचू शकणारा प्रॉम्प्टर कुणी ठेवतं का? नोकरी गेली, वाचन गेलं, भरतकाम गेलं, ते तिनं मुकाट्यानं गिळलं. पण रविवारी चार वाजता कुणीतरी आपली वाट बघतंय, आपण गेल्याशिवाय पहिलं वाक्य उच्चारलं जात नाही, हे तिला सोडवत नव्हतं. तेवढं एकच राहिलं होतं तिच्याकडे.

मग तिनं ठरवलं, वाचता येत नाही तर पाठ करायचं. आपल्या वाट्याचं नाही, सगळ्यांच्या वाट्याचं. प्रबोध जेवणाच्या टेबलावर बसून फोनमध्ये अख्खी संहिता वाचून ठेवायचा. तो आयटीतला माणूस; रडण्याचं वाक्य आणि भांडणाचं वाक्य दोन्ही एमआरटी ट्रेनमधल्या सूचनेसारखं वाचायचा, पुढलं स्टेशन अमुक, दारापासून दूर उभे राहा. नीलिमा ते कानात घालून फिरायची. दोन नाटकं तिनं अशी काढली. विंगेत फाइल मांडीवर उघडी, पान कुठे संपतं तेही पाठ, त्या जागी बरोबर पान उलटायची. बघणाऱ्याला वाटावं, काय एकाग्रतेनं वाचतेय बाई.

“सांगून टाक त्यांना,” प्रबोध म्हणायचा.

“पुढच्या नाटकानंतर,” ती म्हणायची.

ते पुढचं नाटक सौमित्रनं स्वतः लिहिलं होतं. म्हातारा बाप आणि सहा वर्षं त्याच्याशी न बोललेली मुलगी. बाप सौमित्र, मुलगी कादंबरी. दुसऱ्या अंकात मुलगी घरी येते आणि बाप पाठ करून बसून राहतो. कुणाला काय बोलावं कळेना, एवढ्यात शेजारच्या काकू साखर मागायला येतात आणि कोंडी फुटते. काकूंचा तेवढाच एक प्रवेश होता.

प्रयोगाच्या दुपारी काकूंना ताप भरला.

सौमित्र काही डगमगला नाही. त्यानं काकूंचा प्रवेशच कापला, चौतिसावं पान नव्यानं लिहून छापून आणलं, आणि पडदा वर जायला अर्धा तास असताना विंगेत आला. “नीलिमाताई, जुन्या चौतीसच्या जागी हे. कादंबरीला दिलंय एक.” पान तिच्या हातात कोंबून तो दाढी चिकटवायला पळाला.

नीलिमा पान धरून उभी राहिली. कागद अजून प्रिंटरच्या उबेचा होता. ‘सौमित्र, जरा वाचून दाखव रे,’ एवढंच म्हणायचं होतं. चष्मा विसरले म्हणाली असती तरी चाललं असतं. जीभ रेटेना. ती बाथरूममध्ये गेली, दिव्याखाली पान नाकाला लावलं, वाकडं करून बघितलं, फोननं फोटो काढून ताणून बघितला. अक्षरं पळतायत. वरच्या कोपऱ्यातला ‘बाबा’ तेवढा लागला. तेवढ्यात तिसरी घंटा झाली. तिनं पान नीट भोकं जुळवून फाइलला लावलं आणि मनाशी म्हणाली, कादंबरी तयारीची आहे, नाही विसरायची.

कादंबरीनं ते पान दोनदा वाचलं होतं.

दुसरा अंक. बाप पाठमोरा. मुलगी दोन पावलं पुढे आली आणि बांगड्या गप्प झाल्या. एक क्षण, दोन क्षण. एकोणीस वर्षांची सवय. ओठांनी तिला विचारलंच नाही. स्वच्छ, नेमक्या कुजबुजीत तिनं दिलं, “शेजारच्या काकू...”

नट विंगेवर जितका विश्वास ठेवतो तितका देवावरही ठेवत नसेल. कादंबरी वळली, दाराकडे हात केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “शेजारच्या काकू आल्या, बाबा! या ना काकू, आत या!”

दारात कुणी नव्हतं. सौमित्र दाराकडे बघत राहिला. कादंबरी बघत राहिली. अडीचशे माणसंही बघत राहिली, आणि मग मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ज्या जागी रुमाल निघायचे त्या जागी सभागृह खदखदलं. सौमित्रनं कसंबसं पुढलं वाक्य धरलं, नाटक लंगडत शेवटाला गेलं.

रंगपटात सौमित्र अर्धी दाढी गालावर ठेवूनच कडाडला. “पान दिलं होतं ना तुला? एक पान पाठ होत नाही?”

“सॉरी,” कादंबरी म्हणाली. “माझ्या तोंडात जुनंच आलं.”

“विंगेत ताई होत्या. त्यांच्याकडे लक्ष तरी द्यायचंस! त्या कधी चुकत नाहीत.”

नीलिमा दारातच होती. बोलायची जागा हीच होती. तिला ती कळली, जशी ती नेहमी कळायची. आणि ती गप्प बसली. कादंबरीनं तिचं नाव घेतलं नव्हतं. सौमित्र म्हणाला, सहा आठवड्यांनी वुडलँड्सला दुसरा प्रयोग आहे, तोवर या भूमिकेला दुसरं कुणीतरी बघतो. कादंबरी बांगड्या काढून पर्समध्ये टाकत होती. त्यांचा आवाज नीलिमाला ऐकू आला.

परतीच्या एमआरटीत तिनं प्रबोधला सगळं सांगितलं. तो बायकोला दोष देणारा माणूस नव्हे. बिशान आलं तेव्हा दारापाशी उभं राहून तो म्हणाला, “तुझी फाइल राहावी म्हणून त्या पोरीचं नाटक जाणार, असं झालं ना हे?”

तिला त्याचा राग आला, कारण ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पोळ्यांचा डबा उचलून चिठ्ठी काढली.

क्लिनिकमध्ये भेटली ती मिस क्वेक. वय तिशीच्या आतलं, आवाज शाळामास्तरणीचा, आणि दर दोन वाक्यांनंतर अस्सल सिंगापुरी ‘लाह’. तिनं आधी विचारलं, “आँटी, माझा चेहरा दिसतो?”

“नाही.”

“कारण तुम्ही माझ्या नाकाकडे बघताय. नाकाकडे नको लाह. माझ्या डाव्या कानाकडे बघा.”

नीलिमानं कानाकडे बघितलं. आणि त्या करड्या डागाच्या कडेनं, दार किलकिलं व्हावं तसा, एक चेहरा आला. गोल, हसरा. “तुमच्या हनुवटीवर तीळ आहे,” नीलिमा म्हणाली. दोन वर्षांत तिनं कुणाचा तीळ पाहिला नव्हता.

“तीळ सकाळपासून आहे,” मिस क्वेक म्हणाली. “सरळ बघितलं की जातं, बाजूला बघितलं की येतं. रोज वीस मिनिटं सराव. सोपं नाही हं, मान दुखेल, वैताग येईल.”

मग तिनं एकेक वस्तू टेबलावर मांडली. कपाच्या काठाला अडकवायचं चिमुकलं यंत्र. चहा काठापाशी आला की ते किंचाळतं. बसच्या नंबरांची वही, तळहाताएवढे आकडे. आपला नंबर काढून थांब्यावर धरायचा, म्हणजे ड्रायव्हर आपणहून थांबतो. आणि फोनहून थोडं जाड असं एक वाचनयंत्र. कागदावर ठेवलं की काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं उमटतात, बोराएवढी.

“काय वाचायचं आहे? लोक औषधाची बाटली आणतात, बँकेचं पत्र आणतात,” मिस क्वेक म्हणाली.

नीलिमानं पर्समधून चौतिसावं पान काढलं.

“हे मला वाचता येत नाही,” मिस क्वेकनं प्रामाणिकपणे सांगितलं. “चुकलात तरी कळणार नाही.”

“मला कळेल,” नीलिमा म्हणाली.

एकेक शब्द सरकत आला. जाऊ द्या, तीन मिनिटं लागली एका वाक्याला. पण तिनं ते स्वतः वाचलं. सौमित्रनं काकूंच्या जागी मुलीला एवढंच वाक्य दिलं होतं: ‘दार उघडंच आहे, बाबा. नुसती हाक मारा.’

ती यंत्र बाजूला ठेवून रडली. वाक्य चांगलं होतं म्हणून रडली, पोरीच्या तोंडचं ते गेलं म्हणून रडली, आणि आपल्यालाही कुणी दार बंद केलं नव्हतं, आपणच हाक मारली नाही, म्हणून जास्तच रडली. मिस क्वेकनं टिश्यूचा खोका पुढे सरकवला.

पुढच्या शनिवारी नीलिमा एकटी वुडलँड्सला कादंबरीकडे गेली. एमआरटीचं ठीक होतं, स्टेशनांची नावं ऐकू येतात. पुढची बस मात्र दिसायची नाही. थांब्यावर तिनं वही काढली, ९१३ चं पान उघडलं आणि छातीशी धरलं. लाज वाटली? वाटली. शाळेत पाटी धरून उभं केल्यासारखं वाटलं. पण तिसरीच बस तिच्यासमोर येऊन टेकली, दार उघडलं आणि ड्रायव्हर ओरडला, “आँटी, नाइन वन थ्री! कम, कम.” बसेपर्यंत त्यानं गाडी हलवली नाही. इतकं सोपं होतं तर, तिच्या मनात आलं, आणि स्वतःच्या दोन वर्षांच्या टॅक्सीप्रवासाची तिला चीड आली.

कादंबरीनं दार उघडलं. हातात बांगड्या नव्हत्या. नीलिमानं चहासुद्धा घेतला नाही. खुर्चीच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. डाग, पोळ्यांचा डबा, प्रबोधची टेप, गप्प झालेल्या बांगड्या, चौतिसावं पान.

कादंबरी बराच वेळ काही बोलली नाही. बांगड्या नसल्यामुळे ही शांतता कसली ते नीलिमाला ओळखता येईना.

“मला वाटलं, तुमच्या फाइलमध्ये चुकून जुनंच पान राहिलं,” कादंबरी शेवटी म्हणाली. “एकोणीस वर्षांत एकदा. म्हणून मी नाव नाही घेतलं. पण ताई, मी आईला फोन करून सांगितलं, मला आता स्टेजची भीती वाटते. आठवडाभर मला झोप नाही. तुम्ही त्याच दिवशी बोलायला हवं होतं.”

“हो,” नीलिमा म्हणाली. “हवं होतं.”

माफी लगेच मिळाली नाही, आणि तेच बरं झालं. कादंबरी उठली, चहा टाकला, दोन कप खणकन ठेवले. मग एकदम थांबली. “म्हणजे हे धरून तीन नाटकं तुम्ही पुस्तक न बघता...?”

“पाठ.”

“सगळ्यांचं?”

“काकूंचंसुद्धा.”

“मला माझीच सहा पानं होत नाहीत हो!” ती म्हणाली आणि हसली. हसताना नाक ओढत होती. नीलिमानं तिच्या कानातल्याकडे बघितलं, आणि त्या पोरीचा रडका हसरा चेहरा तिला थोडासा दिसला.

रविवारी तालमीला नीलिमानं फाइल टेबलावर ठेवली आणि सगळ्यांसमोर सांगितलं. आवाज विंगेतला नव्हता; चांगला मोठा होता. तो ऐकायची कुणाला सवय नव्हती.

सौमित्र खुर्चीत बसला. “ताई, मिनिटाला किती शब्द वाचता येतात आता?”

“पंधरा. फार तर वीस.”

“प्रॉम्प्टिंगला नाही पुरणार.”

“नाही पुरणार. म्हणून तर फाइल आणली.”

ती उभीच राहिली. सौमित्रनं फाइल ओढून चौतिसावं पान काढलं. नीट भोकं जुळवून परत लावलेलं. तो त्याच्याकडे बघत राहिला. घड्याळाच्या पट्ट्याची टिकटिक सुरू झाली, म्हणजे त्याला पुढलं वाक्य सापडत नव्हतं.

“पण ताई वाचून देतच नाहीत ना,” मागून कादंबरी म्हणाली. “कधीच देत नव्हत्या. ऐकून देतात.”

“मी पान दिलं आणि पळालो,” सौमित्र हळूच म्हणाला. “ते आधी म्हणून दाखवलं असतं तर ताईंना एका फटक्यात पाठ झालं असतं. हा गाढवपणा माझा.” मग त्याचा दिग्दर्शक जागा झाला. आजपासून ज्याला वाक्य बदलायचं असेल त्यानं ताईंपुढे येऊन ते तोंडी म्हणायचं, अगदी लेखकानंसुद्धा. कागद कुणी द्यायचा नाही. कादंबरीची भूमिका कादंबरीची, आणि काकू बऱ्या झाल्या तरी चौतिसावं पान नवंच. आणि फाइल धरायला, पान चुकलंच तर खुणावायला, ताईंच्या शेजारी प्रबोधनं बसायचं.

“मी?” कोपऱ्यात चहा ओतत असलेला प्रबोध म्हणाला. कपाच्या काठावरचं यंत्र किंचाळलं.

दुसऱ्या प्रयोगाला पाच रविवार होते. नीलिमानं ते सरावात घालवले. बिशानच्या लिफ्टमध्ये शेजारणीच्या कानाकडे, मिठाच्या बरणीच्या शेजारी, कुंडीच्या कडेला बघत. मान खरंच दुखायची. शेजारणीला तिनं एकदाचं सांगूनही टाकलं, आणि आता ती लिफ्टमध्ये शिरली की हसण्याऐवजी आधी आपलं नाव सांगते.

प्रयोगाच्या दिवशी सौमित्र दाढीसकट विंगेत आला, तीन बारीक बदल तिच्यापुढे म्हणून दाखवले आणि गेला. प्रबोध फाइल घेऊन बसला, नाक कागदात, बोट ओळीवर. एका शब्दासाठीही मान वर करायला तयार नाही. नीलिमाची मांडी मोकळी होती. हात कुठे ठेवावेत ते तिला कळेना. आणि नजरेला काही काम नव्हतं, म्हणून तिनं पहिल्यांदाच रंगमंचाकडे बघितलं.

बापाच्या टेबलावर दिवा होता. तिनं दिव्याकडे नजर लावली, आणि दिवा डागात बुडाला, आणि त्याच्या शेजारी कादंबरी आली. पिवळी साडी नेसली होती. पिवळी! तालमीत सगळे पिवळी साडी म्हणायचे तेव्हा नीलिमा उगाच हो हो करायची.

दुसरा अंक. बाप पाठमोरा. मुलगी दोन पावलं पुढे आली.

बांगड्या गप्प झाल्या.

एक क्षण. दोन. समोरच्या विंगेत उभ्या असलेल्या, आता बऱ्या झालेल्या काकूंची सावली ताठ झाली. प्रबोधनं बोट ओळीवर दाबून कोपरानं तिला ढोसलं. दे, दे ना! नीलिमाच्या ओठांवर वाक्य आलेलंच होतं. ‘दार उघडंच...’

तिनं नजर दिव्यावरून हलवली नाही. विसरलेला नट विंगेकडे मान वळवतो, हे ती एकोणीस वर्षं ऐकत आली होती. बघायची वेळ कधी आली नव्हती. कादंबरीची मान विंगेकडे नव्हती. तिची हनुवटी किंचित वर होती, आणि ती त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत होती, जशी दोन वर्षं नीलिमा बंद दाराकडे बघत बसली होती. नीलिमानं ओठ मिटले आणि प्रबोधचं कोपर धरून ठेवलं.

सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

“दार उघडंच आहे, बाबा,” कादंबरी म्हणाली, इतक्या हळू की शेवटच्या रांगेनं पुढे वाकून ऐकलं. “नुसती हाक मारा.”

पडदा पडल्यावर रंगपटात एकच गोंधळ झाला. कुणी कुणाला मिठ्या मारत होतं, सौमित्र दाढी सोलत होता. प्रबोध वैतागून सगळ्यांना सांगत होता, अख्खं नाटक पुस्तकात गेलं, मी काहीच पाहिलं नाही. कादंबरी गर्दीतून वाट काढत, बांगड्या वाजवत, नीलिमासमोर येऊन उभी राहिली.

“ताई, तिथे मी इतकी थांबले, तुम्ही शब्द नाही दिलात.”

“तू विसरली नव्हतीस.”

“पण तुम्हाला कसं कळलं? बांगड्या मी मुद्दाम धरून ठेवल्या होत्या.”

नीलिमानं तिच्या डाव्या कानाकडे बघितलं आणि चेहरा येईपर्यंत थांबली.

“दिसलं मला,” ती म्हणाली.